वाट वाकडी करावी

परदेशातून घरी आलेल्या आयटीवाल्याला आई विचारते, "जेवलास का?" बाकी सगळे विचारतात, "किती तास लागले रे?" मग आपण आकडा सांगायचा. सतरा. एकोणीस. एखादा चौदा तासांत दारात पोचलेला असला तर तो असा काही सांगतो की विमान त्यानेच हाकलत आणलं. बावीस म्हणालात की समोरचा "अरेरे" करतो आणि तिकीट कुठल्या साइटवरून काढायला हवं होतं ते ऐकवतो. मधे काय पाहिलंस, कोण भेटलं, हे कुणी विचारत नाही. मधे काही असतं हेच आपण विसरत चाललोय.

तिकिटांच्या साइटींनी ही खोड आणखी पक्की केली आहे. तिथे पर्याय लावायचे मुख्य क्रम दोन, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद. मधला थांबा आठ-दहा तासांचा झाला की तो लाल अक्षरांत दाखवतात, जणू बिल्ड फेल झालाय. मग आपल्याही डोक्यात तेच बसतं की थांबा म्हणजे तोटा. ऑप्टिमाइझ करा, जमलं तर शून्यावर आणा.

माझं मत बरोब्बर उलटं आहे आणि ते मी आज जरा जोरातच मांडणार आहे. लांबून घरी जाताना, निदान एकदा तरी, तो लाल अक्षरांतला पर्याय मुद्दाम निवडावा. दिवसभराचा थांबा घ्यावा, विमानतळाच्या बाहेर पडावं आणि मग घरी जावं. आपल्याकडे याला फार छान शब्द आहे, वाट वाकडी करणं. "इतक्या लांब आलायस तर जरा वाट वाकडी करून आमच्याकडे ये" असं आत्या म्हणते, आणि आपण गेलो नाही तर वर्षभर बोलून दाखवते. विमान कंपन्यांना आत्या नसते, ही खरी अडचण.

तर माझी केस. मी दोन वर्षं जोहान्सबर्गला ऑनसाइट आहे. यंदाच्या मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा काढून पुण्याला आलो. जोहान्सबर्ग-मुंबई थेट विमान एके काळी होतं, पण साउथ आफ्रिकन एअरवेजने ती सेवा २०१५ साली बंद केली. माझ्या तारखांना थेट पर्याय नव्हताच. कुठेतरी उतरायचंच होतं. आमच्या ऑफिसातली मंडळी डोळे झाकून दुबईचं तिकीट काढतात. दोन तास थांबा, एक बर्गर, तीन चॉकलेटचे डबे, की मुंबई. मी मॉरिशसमार्गे काढलं. जोडणी अशी की सकाळी उतरायचं आणि पुढचं विमान रात्रीचं. बारा तास. मॅनेजर म्हणाला, "एक दिवस फुकट घालवतोयस." आई म्हणाली, "सरळ ये ना बाबा, उगाच कुठे बेटाबिटावर उतरतोस!"

आता यातली गंमत बघा. नकाशावर जोहान्सबर्ग ते मॉरिशस साधारण ३,१०० किलोमीटर, तिथून मुंबई साधारण ४,७००. एकूण ७,८००. दुबईमार्गे गेलात तर ६,४०० अधिक १,९००, म्हणजे ८,३००. मॉरिशसची वाट खरं तर जास्त सरळ आहे! वाकडी दिसते ती फक्त घड्याळात. (हा हिशेब मी मॅनेजरला मेल केला. त्याने स्मायली पाठवली.)

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. निघायच्या आठवड्यात क्लायंटच्या डायरेक्टरने मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्याकडेच कायमचा का येत नाहीस, म्हणाला. पगार, व्हिसा, पुढे पर्मनंट रेसिडेन्सी, सगळं बघू. घाई नाही, रजेवरून आल्यावर सांग. म्हणजे आई-बाबांसमोर तीन आठवडे हा दगड खिशात घेऊन वावरायचं. दुबईमार्गे गेलो असतो तर ही बातमी आणि मी, दोघं बारा-चौदा तासांत मुंबईत. तेवढ्यात मला स्वतःला काय वाटतंय हेसुद्धा कळलं नसतं.

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनिमून. निळं पाणी, नारळाची झाडं, एकसारखे टी-शर्ट घातलेलं जोडपं. माझ्या तीन मित्रांचे एकाच पोझमधले फोटो आहेत, फक्त बायका वेगळ्या. ज्यांना समुद्रच बघायचाय त्यांच्यासाठी सोय उत्तम आहे. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आणि ब्लू बे नावाचा किनारा तिथून अगदी जवळ. टॉवेल घ्या, डुंबा, या. त्यात वाईट काही नाही. मला राजधानीला, पोर्ट लुईला जायचं होतं. ते बेटाच्या दुसऱ्या बाजूला, पंचेचाळीसेक किलोमीटरवर.

इमिग्रेशनला काही त्रास झाला नाही. भारतीय पासपोर्टला आगाऊ व्हिसा लागत नाही, ऑनलाइन फॉर्म भरलेला होता. काउंटरवरच्या बाईंनी रात्रीचं तिकीट पाहिलं आणि विचारलं, "ओन्ली टुडे?" म्हटलं, हो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की घरी आलेला पाहुणा चहा न घेता निघालाय. आदिस अबाबा किंवा नैरोबीला असंच शहरात उतरायचं म्हटलं असतं तर येलो फीवरच्या पिवळ्या कार्डाची कटकट मागे लागली असती, इथे तीही नाही.

बाहेर येऊन बस पकडली. दोन्ही बाजूंना ऊस. मे महिना, तोड सुरू व्हायला अजून अवकाश, त्यामुळे पुरुषभर उंचीचा ऊस वाऱ्यावर हलतोय. अर्धं डोकं झोपेत असल्याने क्षणभर वाटलं की बारामतीच्या रस्त्याला लागलो. मग शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसायला लागले. लहानसहान नव्हेत, काही तर दुमजली घराएवढे आणि नीट रचलेले. विमानतळाजवळच्या अशा काही ढिगांना हौशी संशोधक 'पिरॅमिड' म्हणतात म्हणे. पिरॅमिड कसले! ऊस लावायचा तर आधी जमिनीतला दगड काढावा लागतो. तो माणसांनी हातांनी वेचला आणि शेतातच रचून ठेवला. कुठली माणसं, ते पुढे येईलच.

दगड मात्र ओळखीचा वाटत होता. काळा, बारीक भोकांचा, सिंहगडाच्या वाटेवर असतो तसाच. फोनवर शोधलं आणि झोप उडाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड इथल्याच भागावरून उत्तरेकडे सरकत होता. खाली पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा होती, तिच्यातून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं, सह्याद्री त्यातलाच. भारत पुढे निघून गेला, तप्त जागा मागे राहिली. मधल्या काळात तिने मालदीवखालचे डोंगर केले, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस केलं, आणि आता शेजारच्या रियुनियन बेटावरचा जागता ज्वालामुखी तिच्यावरच चालतो. म्हणजे सिंहगडाचा आणि या ढिगांचा कारखाना एकच. मॉरिशसहून मुंबईला जाणारं विमान त्याच वाटेवरून साडेसहा तासांत जातं. मला कुणी हे भूगोलाच्या तासाला सांगितलं असतं तर मी शेवटच्या बाकावर बसलो नसतो.

असो. क्यूरपीप गावाला बस सोडून मेट्रो घेतली. चकाचक मेट्रो, २०२० मध्ये सुरू झालेली आणि २०२२ मध्ये क्यूरपीपपर्यंत पोचलेली. बांधली कुणी? आपल्या लार्सन अँड टुब्रोने. पुण्यात मेट्रोच्या कामापायी रस्ता अडल्यावर ज्या शिव्या मी दिल्यात त्या आठवून जरा गालात हसलो.

पोर्ट लुईच्या बाजारात डोल पुरी खाल्ली. आपण दालपुरी म्हणू. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी, तिच्यात वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची चटणी, लोणचं, वर हिरवी मिरची, आणि गुंडाळी करून कागदात. एक मागायची नसते, जोडीच मागायची, 'एन पेर'. पहिल्या घासाला वाटतं, अरे, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी! २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय चालतं हे वाचून मी ऐटीत फोन काढला, तर गाडीवाल्याने मान हलवून रोख रुपयांकडे बोट केलं. तिथलं चलनही रुपयाच. एकोणिसाव्या शतकात इथे इतके भारतीय आले की सरकारने रुपयाच चलन केला, आणि तो १९३४ पर्यंत आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालला. आजही नोटेवर देवनागरी अक्षरं आहेत. परक्या देशाची नोट वाचता येते म्हटल्यावर उगाचच आणखी एक जोडी घेतली.

तिथून दहा मिनिटं चालत आप्रवासी घाट. ज्याच्यासाठी मी बारा तास घेतले होते ती ही जागा.

बघायला फार काही नाही, हे आधीच सांगतो. दगडी भिंतींचे अवशेष, एक फाटक, दवाखान्याच्या इमारतीचा भाग, स्वयंपाकाची जागा, आणि सोळा पायऱ्या. जवळून महामार्ग जातो, तो बांधताना जुन्या वास्तूचा बराच भाग गेला. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारावर इथे आले, कुणी इथेच राबायला, कुणी इथून पुढच्या बेटांवर. पहिलं जहाज 'ॲटलस', २ नोव्हेंबर १८३४, त्यात ३६ जण. लगेच पुढच्या फेब्रुवारीत इथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना नवे हात हवेच होते. हे मजूर कलकत्त्याहून आले, मद्रासहून आले आणि आपल्या मुंबईहूनही आले. कोकणातून, घाटावरून. युनेस्कोने २००६ मध्ये ही जागा जागतिक वारशात घेतली. पूर्वी तिचं नाव होतं कुली घाट.

हा शब्द वाचून मी थबकलो. कारण तो आमच्या रोजच्या वापरातला आहे. कँटीनमध्ये शुक्रवारी रात्री नऊला डिप्लॉयमेंट पडलं की कुणीतरी म्हणतंच, "आपण काय, सायबर कुली." मीही म्हटलंय. टाळी घेणारा विनोद आहे. पण त्या घाटाच्या माहिती केंद्रात करारांचे तपशील आहेत. पाच वर्षांचा करार. सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिना पाच रुपये. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला नावच होतं 'डबल कट'. १८६७ च्या कायद्यानंतर फोटो लावलेला पास जवळ नसेल तर रस्त्यात अटक. आणि १८५० च्या दशकात परतीचा फुकट प्रवासही बंद झाला, म्हणजे घरी जायचं तर स्वतःच्या खिशातून. पाच रुपयांतून! माझ्या करारात नोटीस पिरियड आहे, मेडिक्लेम आहे, वर्षातून एक परतीचं तिकीट आहे. मला अप्रेझलबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण त्यासाठी हा शब्द मी आता वापरत नाही, आणि दुसऱ्याने वापरला तर हसत नाही. चार मित्रांना यावरून मी फार 'सीरियस' झाल्यासारखा वाटतो. वाटू दे.

त्या पायऱ्या बोटीतून उतरून आत यायच्या. एकेक नोंद व्हायची, नंबर मिळायचा, दोनेक दिवस तिथे काढून मळ्यावर रवानगी. मी विमानतळावर पंधरा मिनिटांत शिक्का मारून आलो होतो.

आता याच वाटेवरच्या आणखी एका प्रवाशाबद्दल. दक्षिण आफ्रिकेतून भारतात घरी निघालेला, मधे मॉरिशसला थांबा, सोबत बायको-मुलं, वय ३२. मोहनदास गांधी, साल १९०१. 'नौशेरा' नावाच्या बोटीने दरबानहून निघाले आणि ऑक्टोबरअखेरीस पोर्ट लुईला लागले. थांबा चांगला अडीच-तीन आठवड्यांचा. त्या काळात कुणी लाल अक्षरांत दाखवला नसणार! त्यांनी तो बोटीत बसून काढला नाही. लोकांना भेटले, मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला असं सांगितलं, गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांच्याकडे एक रात्र पाहुणे म्हणूनही राहिले. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर इथे येऊन मजुरांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, ते गांधींच्याच सांगण्यावरून. मॉरिशस स्वतंत्र झालं १९६८ मध्ये, आणि दिवस निवडला १२ मार्च, दांडीयात्रा निघाली तो.

मला यातला सगळ्यात जवळचा वाटला तो वेगळाच तपशील. तेव्हा ते कायमचे घरी निघाले होते. नातालच्या लोकांनी सोडलं ते एका अटीवर, वर्षभरात गरज पडली तर परत यायचं. आणि वर्ष उलटायच्या सुमारास बोलावणं आलं, ते गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज घेतला, क्लायंटने एस्कलेट केलं, पुन्हा ऑनसाइट. फरक एवढाच की पुढचा मुक्काम बारा वर्षांचा झाला. खिशात तो दगड घेऊन मी त्या पायऱ्यांजवळ बसलो होतो. 'वर्षभरासाठी' म्हणून केलेल्या गोष्टी कुठवर जातात ते बघत.

परतीला टॅक्सी केली, कारण तीन तास आधी विमानतळावर पोचायचं होतं. टॅक्सीवाले काका साठीच्या आसपासचे, आरशाखाली छोटा गणपती. मी आईशी फोनवर बोलत होतो. हो, खाल्लं. हो, पाणी पितोय. नाही, समुद्रात उतरलो नाही. फोन ठेवल्यावर ते आरशातून बघत म्हणाले, "मराठी?"

"हो."

"आमी पन मराठी," ते म्हणाले. आणि त्यांचं मराठी तिथेच संपलं.

पुढचा तासभर आम्ही त्यांच्या सिनेमातल्या हिंदीत आणि माझ्या इंग्रजीत बोललो, अधूनमधून त्यांचं क्रिओल. शाळेत त्यांना मराठी विषय होता, तिथल्या सरकारी शाळांत तो आजही शिकवतात. देवनागरी लावून लावून वाचतात. गणपतीची आरती अख्खी पाठ, अर्थ निम्मा माहीत. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते, आणि गावोगाव 'झाकरी' नाचतात. झाकरी म्हणजे आपली जाखडी! रत्नागिरीत गणपतीत नाचतात तीच. मी लहानपणी पाहिली आहे हे कळल्यावर काकांनी गाडी हळू केली आणि विचारलं, तिथे पाय कसा टाकतात, आधी उजवा की डावा? मला सांगता आलं नाही.

त्यांच्या पणजोबांचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण, जहाज, गाव, सगळं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या दफ्तरात आहे. पणजोबांचं पहिलं नाव तेच आता घराण्याचं आडनाव. मूळ आडनाव काय होतं कुणालाच माहीत नाही, कारकुनाला त्याची गरज पडली नाही. जिल्हा रत्नागिरी, हे स्वच्छ लिहिलंय. गावाचं नाव मात्र इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. दीडशे वर्षांपूर्वीची डेटा एंट्रीची चूक, आणि फिक्स करायला ज्याने नोंद सांगितली तो माणूसच नाही.

काही वर्षांपूर्वी काका त्या कागदाची झेरॉक्स घेऊन रत्नागिरीला जाऊन आले. त्या स्पेलिंगशी जुळणारी तीन गावं निघाली. तिन्ही ठिकाणी गेले.

"मग?"

"तीनो गाँव में चाय दिया," काका म्हणाले. "एक में नारियल भी."

ते हे सांगताना अजिबात दुःखी वगैरे नव्हते. मलाच काय बोलावं कळेना. मग त्यांनी विचारलं, तुझं गाव? मी सवयीने पुणे म्हणालो, मग म्हटलं मूळचे संगमेश्वरकडचे, घर बंदच असतं, गणपतीत उघडतात. गावाचं नाव सांगितलं. त्यांनी सिग्नलला वही पुढे केली, लिही म्हणाले, इंग्रजीत. मी लिहिलं आणि लक्षात आलं की हे तीन प्रकारे लिहिता येतं. तिन्ही लिहिली. त्यांनी पान नीट पाहिलं आणि खाली देवनागरीत लिहायला लावलं. "ये पक्का," म्हणाले.

विमानतळावर उतरताना त्यांनी विचारलं, "वापस कब?" मी म्हटलं तीन आठवड्यांनी. मग दोघांच्याही लक्षात आलं की ते पुण्याला परत कधी कायमचा, असं विचारत होते, आणि मी जोहान्सबर्गला परत कधी, ते सांगितलं होतं. काका हसले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "आले, मो गार्सों." चल, पोरा.

बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. विमानात लाल चुडे घातलेल्या नववधू आणि उन्हाने लालबुंद झालेले नवरदेव, पहाटेची मुंबई, एक्सप्रेसवे, खंडाळ्याला उजाडलं. दारापासून दारापर्यंत ३१ तास. शेजारचे काका "अरेरे" म्हणाले.

आता मला येणाऱ्या आक्षेपांबद्दल. रजा मोजकी असते, खरं आहे. कडेवर मूल असेल, घरी कुणी आजारी असेल, तर पहिलं मिळेल ते विमान पकडावं, यात वाद नाही. थांबा सहा-सात तासांचा असेल तर बाहेर पडण्याच्या भानगडीत पडू नका. उतरल्यावरचा एक आणि चढण्याआधीचे तीन वजा केले तर उरतं काय? निदान दहा तास हवेत, आणि पाठीवर एकच सॅक. दोन तिकिटं वेगवेगळी काढू नका, एकाच बुकिंगवर असू द्या, म्हणजे मोठी बॅग थेट मुंबईला जाते आणि पहिलं विमान लेट झालं तरी पुढची जबाबदारी कंपनीची राहते. पण "वेळ फुकट जातो" हा आक्षेप मला मान्य नाही. दुबईच्या थांब्यात वाचलेला तो दिवस मी गेल्या वर्षी घरी सोफ्यावर झोपून काढला होता. शरीर पुण्यात, डोकं अजून स्टँडअप मीटिंगमध्ये, आणि आई विचारतेय, "बोलत का नाहीस?"

या वेळी मी पहिल्याच दुपारी, आमरसाची वाटी संपायच्या आत, डायरेक्टरचं बोलणं दोघांना सांगून टाकलं. बाबा म्हणाले, तुझं तू ठरव. आई काही बोलली नाही, आणखी एक पोळी वाढली. मी काय ठरवलंय तेही सांगितलं. आताच्या कंपनीकडूनच आणखी एक वर्ष, मग परत. परत म्हणजे पुण्याला. मेल दुसऱ्या आठवड्यात पाठवला. वर्षाचं एकच राहील का, गांधींचं काय झालं ते लक्षात आहे, पण तारीख मेलमध्ये लिहून ठेवली आहे.

त्याच आठवड्यात बाबांना घेऊन गावी गेलो. घराची कुलपं गंजली होती, शेजाऱ्यांनी तेल आणून दिलं. एसटीच्या थांब्यावरची पाटी, ग्रामपंचायतीची पाटी आणि बाबांकडचा जुना सातबारा यांत मिळून गावाच्या नावाची तीन रूपं निघाली. तिन्हींचे फोटो काढून टॅक्सीवाल्या काकांना व्हॉट्सॲपवर पाठवले. शेजारच्या आजोबांना विचारून जाखडीचा पाय कसा टाकतात त्याचा व्हिडिओही पाठवला. आजोबा ऐंशीच्या पुढचे, एका हाताने खांब धरून नाचले.

परतीचं तिकीट तसंच आहे, या खेपेला अकरा तास. काका मोकाला नेणार आहेत, दफ्तर बघायला. येताना आरतीचं पुस्तक आण म्हणाले, अक्षर मोठं पाहिजे. अप्पा बळवंत चौकातून तीन प्रती घेतल्यात.